समुद्री शेवाळ : गोळा करू, दाबू, छापू, चाखू (आणि थोडं भांडू)

ओहोटीवेळ

कासव, डॉल्फिन, प्रवाळ यांची पोस्टरं निघतात, शेवाळाचं कोणी काढत नाही. पायाखाली आलं की घसरडं आणि वाहून किनाऱ्यावर लागलं की कचरा, एवढीच त्याची ओळख. म्हणून म्हटलं धागा काढू, आणि नुसत्या गप्पा न मारता सगळ्यांनी मिळून एक अल्बम करू. ज्याला जो किनारा जवळ पडेल तिथे ओहोटीला जायचं, वाहून आलेलं शेवाळ उचलायचं, कागदावर दाबायचं किंवा सायनोटाईप (उन्हात उमटणारी निळी छपाई) काढायचा, फोटो इथे टाकायचा. पुरेसं जमलं की प्रदर्शन, आणि जमल्यास एका मोठ्या कापडावर सगळ्यांनी एकत्र बसून छपाई. खाण्यात रस असलेल्यांनी खाण्याबद्दल लिहा, जीवशास्त्रवाल्यांनी आमचे कान पकडा.

जुजबी माहिती देऊन ठेवतो. ढोबळमानाने तीन गट, हिरवं, तपकिरी, लाल. मुळं कोणालाच नाहीत, खडकाला धरून ठेवणारा जो पंजासारखा भाग असतो त्याला होल्डफास्ट म्हणतात पण त्याचं काम फक्त पकडून ठेवणं, पाण्यातले क्षार वगैरे सगळं अंगभर शोषलं जातं. तपकिरी शेवाळ तर दिसायला झाडासारखं असून झाडांचं जवळचं नातलगही नाही, त्याचा वंश डायटम नावाच्या सूक्ष्म एकपेशीय जीवांच्या बाजूचा. आणि लाल शेवाळात फायकोएरिथ्रिन नावाचं रंगद्रव्य असतं, खोल पाण्यात पोचणारा निळा-हिरवा प्रकाश ते पकडतं, त्यामुळे ही मंडळी फार खोल जाऊ शकतात. बहामाजवळ २६८ मीटर खोलीवर खडकावर पापुद्र्यासारखं वाढणारं लाल शेवाळ सापडलेलं आहे, तिथे आपल्याला मिट्ट काळोखच वाटेल!

कागदीहोडी

मस्त धागा, वाचनखूण साठवली. दाबण्याबद्दल मी लिहिते कारण त्याचं वेड आहे.

पसरट ट्रे घ्या, त्यात समुद्राचंच पाणी. नळाचं नको, का ते पुढे सांगते. शेवाळ त्यात सोडा म्हणजे ते आपोआप पसरतं आणि त्याचा खरा आकार तेव्हाच कळतो, बाहेर ते नुसता गोळा असतं. खालून जाड कागद सरकवा, जलरंगाचा उत्तम, मऊ ब्रशने किंवा सुईने फांद्या मोकळ्या करा आणि कागद तिरका धरून अगदी हळू वर उचला म्हणजे पाणी निथळतं आणि शेवाळ जागचं हलत नाही. वर सुती पातळ कापड किंवा बेकिंग पेपर, त्यावर टीपकागद, मग रद्दी, मग फळी आणि वजन. टीपकागद आणि रद्दी रोज बदलायची, आळस केला की बुरशी. बहुतेक नाजूक लाल शेवाळं स्वतःच्या चिकाने कागदाला घट्ट बसतात, गोंद लागतच नाही! जाड तपकिरी, फ्यूकस वगैरे, मात्र आक्रसतात, काळी पडतात आणि सुटून येतात, त्यांना कागदाच्या पट्ट्यांनी बांधावं लागतं.

आता नळाचं पाणी. काही लाल शेवाळांच्या पेशी गोड्या पाण्यात फुटतात आणि रंग पाण्यात उतरतो. ग्रिफिथ्सिया त्यासाठी बदनाम आहे. हे नाव अमेलिया ग्रिफिथ्स या बाईंवरून १८१७ मध्ये कार्ल आगार्डने दिलं. इंग्लंडमधल्या डेव्हनच्या किनाऱ्यावर त्या आयुष्यभर शेवाळ गोळा करत होत्या आणि त्यांच्याकडे पूर्वी कामाला असलेली मेरी वायट पुढे खरीखुरी दाबलेली शेवाळं चिकटवलेली पुस्तकं विकायची, चित्रं नाहीत, नमुनेच. पदवी नाही, विद्यापीठ नाही, त्यातल्या एकीचं नाव एका प्रजातीगटाला आणि दुसरीची पुस्तकं अभ्यासकांच्या टेबलावर.

बेरकी_बगळा

टीपकागद अजून मिळतो?

कागदीहोडी

मिळतो. नाही मिळाला तर जुना सुती टॉवेल.

निळाई

सायनोटाईपचं नाव निघालं आणि मी गप्प बसणं शक्य नाही.

१८४२ मध्ये जॉन हर्शेलने ही पद्धत शोधली आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्सने ती शेवाळावर वापरायला घेतली. फोटोंनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून जे दाखवतात ते तिचं शेवाळाचं पुस्तक, कॅमेरा न वापरता! वाळलेलं शेवाळ थेट कागदावर ठेवायचं, वर काच, बाहेर उन्हात. १८४३ ते १८५३ अशी दहा वर्षं ती भाग काढत राहिली आणि मजकूरसुद्धा तिच्या हस्ताक्षरातला, तोही सायनोटाईपनेच उतरवलेला. तेव्हा शेवाळावरच्या काही पुस्तकांत नुसती वर्णनं, आणि हे प्रकार इतके बारीक आणि फांद्याफांद्यांचे की हाताने काढायचे म्हणजे छळ. तिने चित्रकाराचा हातच मधून काढून टाकला. मला ती कलाकार वाटते की वनस्पतीशास्त्रज्ञ, हा प्रश्न लोक विचारतात तेव्हा चीड येते, तिला असा फरक करायची गरज पडली असेल असं त्या पानांवरून तरी वाटत नाही.

करायचं कसं तर फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाईड यांची वेगवेगळी द्रावणं, समप्रमाणात मिसळून मंद उजेडात कागदावर किंवा सुती कापडावर लावायची, अंधारात वाळवायची, शेवाळ मांडून उन्हात ठेवायचं आणि मग साध्या पाण्याने धुवायचं. ऊन लागलेला भाग प्रशियन निळा, झाकलेला पांढरा. अल्वा म्हणजे ते हिरवं सॅलडच्या पानासारखं असतं ना, ते जेमतेम दोन पेशींच्या थरांचं असतं त्यामुळे त्यातून प्रकाश झिरपतो आणि फिकट निळ्या छटा येतात, त्या फार सुंदर दिसतात. मोठ्या कापडाचा बेत असेल तर अल्वा भरपूर घ्या.

एक विनंती. प्रिंट समुद्राच्या पाण्यात धुऊ नका. ‘समुद्राचं चित्र समुद्रातच धुतलं’ हे कॅप्शन म्हणून छान आहे पण खारं पाणी किंचित अल्कधर्मी असतं आणि हा निळा रंग अल्कलीने उतरतो. शिवाय ते धुवण खडकातल्या डबक्यात ओतणं म्हणजे ज्याचा सण करतोय त्याच्याच घरात रसायन.

खेकडाचाल

उत्साहावर पाणी टाकतो, राग मानू नका.

शेवाळाचा सण करायला पन्नास माणसं एका खडकाळ किनाऱ्यावर उतरली की शेवाळाचं काय होतं याचा विचार केलाय का? नुसतं चालण्याने पट्टाच्या पट्टा सोलला जातो. आणि फोरेजिंग (निसर्गात आपोआप उगवलेलं गोळा करणं) हा शब्द हल्ली इतका गोंडस झालाय की त्यात ओरबाडणंही खपून जातं. शेवाळ म्हणजे सजावटीचं सामान नाही, ते घर आहे. पॅसिफिकमधलं उदाहरण घ्या, समुद्री पाणमांजरं शिकारीत संपली तिथे समुद्री साही म्हणजे अर्चिन माजले आणि त्यांनी केल्पची म्हणजे मोठ्या तपकिरी शेवाळाची जंगलं साफ केली, पाणमांजरं टिकून होती तिथे केल्प उभं. १९७४ मध्ये एस्टेस आणि पामिसानो या संशोधकांनी अलास्काच्या अल्यूशियन बेटांवरून हे मांडलं. आणि अगदी अलीकडे उत्तर कॅलिफोर्नियात तेच. २०१३ पासून सूर्यफूल तारामासा रोगाने मेला, पाठोपाठ समुद्रातली उष्णतेची लाट, अर्चिन खाणारं कोणी उरलं नाही आणि काही वर्षांत तिथलं नव्वद टक्क्यांहून जास्त बुल केल्प गेलं. एवढ्या मोठ्या जंगलाची ही गत, तर आपल्या कात्र्यांपुढे छोट्या किनाऱ्यावरचं काय टिकणार.

ओहोटीवेळ

खेकडाचाल, राग कसला. पण म्हणूनच ‘वाहून आलेलं’ असं पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय, खडकावरचं तोडायचं नाहीच.

खेकडाचाल

वाचलं होतं. पण वाहून आलेलं म्हणजे कोणाचंच नाही हा गैरसमज. भरतीच्या रेषेवर जो ढीग पडतो त्याच्याखाली हात घालून बघा, सँडहॉपर उड्या मारत बाहेर येतील, केल्पमाश्यांच्या अळ्या असतील, आणि किनाऱ्यावरचे पक्षी त्या ढिगावरच चरत असतात. कुजून उरतं ते वाळूत मुरतं आणि टेकड्यांवरच्या गवताला खत होतं. समुद्रकिनारा ‘स्वच्छ’ करायच्या नावाखाली यंत्राने हे सगळं खरवडून नेतात तेव्हा प्लास्टिकबरोबर जेवणाचं ताटही जातं.

सुमी_सागरी

सहमत आणि असहमत दोन्ही. दाबण्यासाठी तळहाताएवढा तुकडा पुरतो हो, ढीगच्या ढीग कोण नेतंय. पण मोठ्या कापडासाठी लागेल तेव्हा हा मुद्दा खरा आहे, त्यावर उपाय असा की किनाऱ्यावरच कापड पसरायचं, शेवाळ मांडायचं, उन्हात छापायचं आणि शेवाळ होतं तिथे परत. कापड मात्र घरी नेऊन धुवा, निळाईने सांगितलंय तसं.

तोडायचं झालंच, खाण्यासाठी वगैरे, तर ‘वरचं कापा, खालचं ठेवा’ हा एकच नियम सगळ्यांना लावू नका. लॅमिनेरियासारख्या केल्पची वाढ पान आणि देठ जिथे जुळतात तिथे होते, म्हणजे पानाचा वरचा भाग कापला तर ते पुन्हा वाढतं, पण सांध्याखाली कात्री चालली की संपलं. फ्यूकसचं उलट, त्याची वाढ टोकाला, त्यामुळे टोकं खुडली की ती फांदी तिथेच थांबते, म्हणून एकाच झुडपाची सगळी टोकं घ्यायची नाहीत. अल्वा सगळीकडून वाढतं. आणि उपटणं कोणाच्याच बाबतीत नाही, होल्डफास्ट गेला की परत काही येत नाही. हे कळायला थांबून बघावं लागतं, आणि म्हणून मला वाटतं जो नीट फोरेजिंग करतो तो खेकडाचालच्याच बाजूचा असतो.

खेकडाचाल

‘नीट’ या शब्दावर सगळं अडलंय. पण कापडाची आयडिया आवडली.

जरामीठ

खाण्याचं कोणीच लिहिलं नाही म्हणून मी.

समुद्री शेवाळात जमिनीवरच्या रानभाज्यांसारखी जहाल विषारी मंडळी फारच कमी, त्यामुळे लोक बिनधास्त होतात आणि तिथेच फसतात. १९९१ मध्ये ग्वाममध्ये नेहमी खाण्यात असलेलं एक लाल शेवाळ खाऊन लोक आजारी पडले आणि तिघं दगावले, त्या वेळी त्यात विष सापडलं. असं क्वचित घडतं पण घडतं. त्याहून रोजचा धोका म्हणजे पाणी. शेवाळ आजूबाजूचे जड धातू अंगात साठवतं, त्यामुळे सांडपाण्याचं तोंड, बंदर, कारखाना यांच्या आसपासचं अजिबात नको, कितीही हिरवंगार दिसलं तरी. हिजिकी नावाच्या तपकिरी शेवाळात असेंद्रिय आर्सेनिक एवढं असतं की ब्रिटनची अन्न सुरक्षा संस्था ते खाऊच नका म्हणते. केल्पमध्ये आयोडिन प्रचंड, थायरॉइडवाल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हौस करू नये. बाय द वे आयोडिनचा शोधच शेवाळाच्या राखेतून लागला, १८११, बर्नार कूर्त्वा, नेपोलियनच्या युद्धांसाठी बंदुकीच्या दारूचा सोरा बनवायच्या भानगडीत.

आणि किनाऱ्यावर वाहून आलेलं खाऊ नये. कधीचं सुटलंय, कुठून आलंय, पत्ता नसतो. म्हणजे बघा, कलेसाठी वाहून आलेलं, खाण्यासाठी खडकावरचं ताजं आणि तेही परवानगी असेल तिथूनच. संरक्षित क्षेत्रात दोन्हीला बंदी असू शकते, आधी चौकशी करा.

बेरकी_बगळा

म्हणजे चाखू हे शीर्षकातून काढायचं का 😀

जरामीठ

राहू दे. चाखायला चिमूटभरच लागतं.

निळाई

अवांतर: मार्गारेट गॅटी नावाच्या बाईंनी १८६३ मध्ये ब्रिटिश शेवाळांवर पुस्तक काढलं, त्यात गोळा करायला जाणाऱ्या बायकांना सल्ला आहे की मुलग्यांचे शिकारीचे बूट घाला आणि फॅशनचा विचार घरी ठेवा. निसरड्या खडकांवर जाणाऱ्यांना आजही हाच सल्ला! अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी सगळ्यात खाली जाते तेव्हा जा, पण पाणी वळायच्या आधी परत फिरा, समुद्राकडे पाठ करून वाकू नका, एकटं जाऊ नका.

पाटीपेन्सिल

इतका वेळ नुसती वाचत होते. ड्रू-बेकरचं नाव आलं नाही याचं आश्चर्य वाटलं म्हणून लॉगिन केलं.

नोरी, म्हणजे सुशीला गुंडाळतात तो शेवाळाचा पातळ पापुद्रा, ज्यापासून बनते ते पोर्फिरा गटातलं शेवाळ. जपानमध्ये लोक शतकानुशतकं बांबू रोवून, जाळी लावून त्याची शेती करत होते पण बी कुठून येतं हे कोणालाच माहीत नव्हतं, आलं तर आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर पीक बसलं आणि कोणाला काही सुचेना. तिकडे मँचेस्टरमध्ये कॅथलीन ड्रू-बेकर, जिला लग्न झाल्यावर विद्यापीठाने पगारी नोकरीवर ठेवलं नाही आणि जी मग बिनपगारी संशोधन करत होती, तिने १९४९ मध्ये दाखवून दिलं की शिंपल्यांच्या कवचात भोकं पाडून राहणारं, वेगळाच जीव समजलं गेलेलं ते गुलाबी बारीक शेवाळ म्हणजे पोर्फिराचीच दुसरी अवस्था आहे. म्हणजे शिंपले नाहीत तर पुढचं पीक नाही. हे वाचून जपानी शास्त्रज्ञांनी, सेगावा त्यात मुख्य, शिंपल्यांवर बी धरून जाळ्यांवर सोडायची पद्धत बसवली आणि आजचा अख्खा नोरीधंदा त्यावर उभा आहे. बाई १९५७ मध्ये गेल्या, जपानला कधी गेल्याच नव्हत्या. १९६३ मध्ये उतो इथे त्यांचं स्मारक झालं आणि दर १४ एप्रिलला तिथे त्यांच्यासाठी लोक जमतात.

मला यातलं सगळ्यात भारी काय वाटतं तर शेतकऱ्यांचं ज्ञान आणि प्रयोगशाळेचं ज्ञान दोन्ही अर्धं होतं. पिढ्यानपिढ्या पाणी, थंडी, भरती यांचा अंदाज त्यांना होता, फक्त उन्हाळ्यात ते शेवाळ जातं कुठे एवढं माहीत नव्हतं. आपल्या अल्बममध्येही किनाऱ्यावर रोज जाणारी माणसं हवीत, फक्त आपण हौशी कागदवाले नकोत.

सुमी_सागरी

पाटीपेन्सिल +१००. तमिळनाडूजवळच्या मन्नारच्या आखातातल्या शेवाळ गोळा करणाऱ्या बायकांचं उदाहरण आहेच की. बोटांना चिंध्या गुंडाळून बुडी मारतात, आणि किती दिवस काढायचं, कधी थांबायचं याचे नियम त्यांनी आपापसात ठरवले, धातूच्या अवजारांनी खरवडायचं बंद केलं, कारण खरवडलं की पुन्हा उगवत नाही हे त्यांनीच पाहिलं होतं.

आणि कलेत म्हणाल तर टास्मानियाचे मूळ रहिवासी बुल केल्पच्या (नाव तेच, पण कॅलिफोर्नियातल्यापेक्षा वेगळं शेवाळ) जाड पानापासून पाणी वाहायची भांडी करायचे, कडेला भोकं पाडून काटक्या आणि दोरी. ब्रिटिश म्युझियममध्ये जुनं एक आहे, आणि आज तिथले कलाकार ती विद्या पुन्हा हातात घेऊन नवी भांडी करतात. न्यूझीलंडमध्ये माओरी लोक असंच केल्पचं पान आतून फाडून पिशवी करतात आणि त्यात पक्ष्यांचं मांस टिकवतात, त्या पानाच्या आत मधमाशांच्या पोळ्यासारखी हवेची घरं असतात म्हणून ते जमतं. हे आपण ‘क्राफ्ट’ म्हणून उचलून नक्कल करू नये असं मला वाटतं, ती त्यांची चालू असलेली गोष्ट आहे. बघावं, शिकावं, नाव त्यांचं सांगावं.

लवकरनिजे

थोडा वेगळा मुद्दा. प्रदर्शन वगैरे ठीक, पण अल्बमला किंमत येते ती लेबलमुळे. कॅलिफोर्नियात मॉन्टेरे उपसागरातलं जेलिडियम नावाचं लाल शेवाळ १८७८ पासून लोकांनी दाबून ठेवलेलं होतं, संग्रहालयांच्या कपाटांत पडून होतं. २०२० मध्ये संशोधकांनी त्या वाळक्या तुकड्यांतल्या नायट्रोजनचे आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे प्रकार) तपासले आणि खोल समुद्रातलं थंड, पोषक पाणी वर येण्याचं प्रमाण जुन्या काळात कसं होतं याचा माग काढला. उपकरणांच्या नोंदी १९४६ पासूनच्या, शेवाळ त्याच्या कितीतरी आधीचं. हौसेने दाबणाऱ्या त्या मंडळींना आयसोटोप हा शब्दही माहीत नव्हता, त्यांनी फक्त जागा आणि तारीख लिहिली होती.

तेव्हा प्रत्येक कागदामागे तारीख, जागा, खडकावर होतं का वाहून आलेलं, कशावर चिकटलेलं (दगड, शिंपला, दुसरं शेवाळ), आणि कोणी उचललं. नाव माहीत नसलं तरी चालेल, नाव नंतर कोणीतरी लावेल. तारीख नंतर लावता येत नाही.

खेकडाचाल

आता बोललात. हे असेल तर मी पण येतो. आणि जिथे काही सापडलं नाही तेही लिहायचं, ‘पूर्वी इथे होतं, आज दिसलं नाही’ ही पण नोंद.

ओहोटीवेळ

खेकडाचाल आले म्हणजे धागा सफल 😀 मग ठरलं तर. दाबायला छोटा तुकडा, मोठं कापड किनाऱ्यावरच, खडकावरचं तोडायचं नाही, मागे लेबल सक्तीचं, लेबल नसलेले फोटो मी अल्बममध्ये घेणार नाही मग कितीही देखणे असोत.

कागदीहोडी

लाल शेवाळ उजेडात फिकं पडतं, त्यामुळे प्रदर्शनात मूळ कागद लावू नका, त्याचे प्रिंट लावा. मूळ अल्बम बंद कपाटात.

बेरकी_बगळा

एक प्रश्न. बादलीत सगळं एकत्र आणलं तर चालतं ना?

सुमी_सागरी

चालतं, फक्त डेस्मॅरेस्टिया सापडलं तर ते वेगळ्या पिशवीत टाका. तपकिरी, पिसासारखं असतं. त्याच्या पेशींत सल्फ्युरिक ॲसिड असतं, मरायला लागलं की ते बाहेर येतं आणि बादलीतलं बाकी सगळं पांढरंफट्ट. नुसतं वेगळं ठेवलं तर त्याचा सायनोटाईप फार सुरेख येतो.